खांदा विकत मिळेल, पण जाब कोण विचारणार?

2022 च्या नोव्हेंबरात दिल्लीच्या व्यापार मेळ्यात मुंबईच्या एका कंपनीने अंत्यसंस्कार सेवेचा स्टॉल लावला. तिरडी, गुरुजी, खांदेकरी, अस्थिविसर्जन, सगळं ठरलेल्या रकमेत. फोटो फिरले आणि गहजब झाला. आता खांदाही विकत घ्यायचा का, इथपासून मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाण्यापर्यंत बोलून झालं. हा वाद अजून अधूनमधून निघतो, आणि मी इंग्लंडात लेस्टरला हेच काम करतो म्हणून गावाकडचे लोक मला छेडतात.

मुलं परदेशी, शेजारी म्हातारे, चाळीतली माणसं पांगलेली. तिरडी बांधता येणारा माणूस आता सोसायटीत सापडत नाही. पैसे घेऊन हे काम करणारे येणारच. आधीही होतेच की. मर्तिकाचे विधी करणाऱ्या किरवंताला आपण दक्षिणा देत होतो आणि पंगतीला मात्र घेत नव्हतो. मला काळजी वाटते ती वेगळीच : या माणसाला काम शिकवणार कोण, आणि तो चुकला तर त्याला धरणार कोण?

इंग्लंडात यावर कायद्याचं उत्तर फार तोकडं आहे. इथे उद्या कोणीही दुकान थाटून फ्युनरल डायरेक्टर म्हणवून घेऊ शकतो, परवाना लागत नाही. 2021 पासून दर ठरावीक नमुन्यात जाहीर करावे लागतात, 2022 पासून आगाऊ पैसे भरायच्या योजनांवर वित्तीय नियामकाची देखरेख आहे. पण शीतगृहात मृतदेह कसा ठेवलाय, हे बघायला सरकारी माणूस आलाच पाहिजे असं कायदा म्हणत नाही. 2024 च्या मार्चमध्ये हल शहरात पोलिसांनी एका व्यावसायिकाच्या जागेतून 35 मृतदेह ताब्यात घेतले, तेव्हा सगळा देश हादरला.

मला घडवलं ते नॅशनल असोसिएशन ऑफ फ्युनरल डायरेक्टर्स या संघटनेने. 1905 पासूनची संस्था. तिच्या पदविकेसाठी शिकवणाऱ्या गृहस्थांनी पहिल्यांदा शिकवलं ते ओळख तपासायला : मनगटावर पट्टी, घोट्यावर पट्टी, दोन्ही वहीशी ताडून पाहायच्या, मगच सही. पेसमेकर आहे का ते विचारायचंच, कारण तो दाहिनीत फुटतो. आणि देहाला हात लावण्याआधी नाव घेऊन बोलायचं. कुणी मराठी आजी असतील तर मी मराठीतच सांगतो, ‘आजी, आता तुमचा हात उचलतोय हं.’ संघटनेचे तपासनीस येतात तेव्हा शीतगृहाच्या तापमानाच्या नोंदी वाचतात, वही उघडून पट्ट्या पाहतात. मला त्यांचा कधी जाच वाटला नाही. आधारच वाटला.

2020 च्या वसंतात, कोविडच्या दिवसांत, तर नियम सारखे बदलत होते. नाशिकहून फोनवर रडणारा मुलगा विचारायचा, आईला साडी नेसवता येईल का हो? अंदाजाने नाही म्हणून मोकळं होणं सोपं होतं. मी संघटनेला विचारायचो आणि मगच त्याला सांगायचो. त्या दिवसांचे उपकार मी फेडू शकणार नाही.

अर्थात सभासदत्व ऐच्छिक आहे. ज्याला तपासणी नको, तो बाहेर राहून धंदा करतोच. म्हणून तर ही संघटना स्वतःच सरकारकडे कायद्याने नियमन मागते. स्कॉटलंडमध्ये 2025 पासून वैधानिक आचारसंहिता लागू झालीही.

पुण्या-मुंबईत या सेवा देणाऱ्यांनी कायद्याची वाट बघत बसू नये. एकत्र यावं, दर जाहीर लावावेत, वही ठेवावी, तक्रार ऐकणारा त्रयस्थ नेमावा. आणि स्मशानात पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्यांना, पालिकेच्या कंत्राटी कामगारांना आणि किरवंतांनाही, त्यात सन्मानाने सभासद करून घ्यावं. देहाजवळ कसं वागायचं ते त्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. असा अभ्यासक्रम मराठीत कोणी आखत असेल, तर माझ्या पदविकेच्या वह्या मी आनंदाने पाठवीन.