दीड कोटी, खुराडं आणि कोकणातला राजा

"मुंबईत दीड कोटीचं खुराडं घेण्यापेक्षा तेच पैसे बँकेत ठेवा, महिना ऐंशी-नव्वद हजार व्याज घ्या आणि कोकणात राजासारखे राहा. मुंबईकर निव्वळ सवयीचे गुलाम!" पावसात लोकल बंद पडली की या आशयाचा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागतो. वाचायला छान आहे, हिशेबाला बसत नाही.

'तेच पैसे' म्हणजे कुठले? ७५ लाखांवरच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या ७५ टक्क्यांहून जास्त रक्कम बँक देऊ शकत नाही, ही रिझर्व्ह बँकेची मर्यादा. म्हणजे दीड कोटीच्या फ्लॅटसाठी घेणाऱ्याच्या खिशातून साडेसदतीस लाख जातात, वर ६ टक्के मुद्रांक शुल्काचे ९ लाख (घर बाईच्या नावावर असेल तर १ टक्का कमी). बाकीचे १ कोटी १२.५ लाख बँकेचे. ते मिळतात बँक पगार बघते आणि फ्लॅट गहाण ठेवून घेते तेव्हा. मुदत ठेवीत टाकायला कुणी देत नाही. स्वतःच्या साडेशेहेचाळीस लाखांवर ७ टक्क्यांनी महिन्याला सुमारे २७ हजार सुटतात, तेही करापूर्वी. राजा एवढ्यात भागवणार असेल तर आपलं काही म्हणणं नाही.

ज्यांचं घर फिटलेलं आहे त्यांच्यापुरता हा सल्ला थोडा खरा आहे. पण घर विकून आलेले पैसे दुसऱ्या घरात न घालता ठेवीत टाकले, तर भांडवली नफ्यावर साडेबारा टक्के कर लागतो. शिवाय सगळं व्याज खर्च केलं की मुद्दल आहे तेवढंच राहतं आणि दहा वर्षांनी त्यात तेवढं घर येत नाही. परतीची वाट तिथेच बंद होते.

दुसरी गफलत अशी, की मुंबईतला प्रत्येकजण आजचा भाव मोजून राहतो असं धरलंय. तोच दीड कोटीचा फ्लॅट भाड्याने साधारण ३५ ते ४० हजारांत मिळतो. २० वर्षांच्या कर्जाचा हप्ता साडेआठ टक्क्यांनी ९७ हजारांच्या पुढे जातो. विकत घेणं आणि राहणं या दोन वेगळ्या किमती आहेत. गिरगाव-परळकडे पागडीची घरं आहेत, तिथलं भाडं १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याने वर्षाला जेमतेम ४ टक्के वाढतं. झोपडपट्टीत १ जानेवारी २००० पूर्वीपासून राहणाऱ्या पात्र कुटुंबाला पुनर्वसनात मोफत घर मिळतं. अशा माणसाला 'गावी जा' म्हणणं म्हणजे त्याने वीस-पंचवीस वर्षं जपलेली पात्रता सोडून दे म्हणणं.

आता 'सवयीचे गुलाम'. चर्चगेट ते विरार हे ६० किलोमीटरचं अंतर, दुसऱ्या वर्गाचा मासिक पास ३१५ रुपयांचा. या एका मार्गावर नवरा अंधेरीत, बायको चर्नी रोडला आणि मुलगी विलेपार्ल्याच्या कॉलेजात, असा संसार एका घरातून चालतो. नोकरी गेली तर दुसरी बहुधा त्याच मार्गावर सापडते. घर बदलावं लागत नाही, मुलांची शाळा बदलत नाही, बायकोची नोकरी सुटत नाही. घरकाम करणाऱ्या बाईला एकाच इमारतीत चार-पाच घरं मिळतात. एक सुटलं तर वॉचमन आठवड्यात दुसरं सांगतो. वाडीत तिला एक घर धरून बसावं लागेल आणि ते सुटलं की संपलं.

आजारपणातही तेच. डायलिसिस आठवड्यातून तीनदा, दर वेळी चारेक तास. तालुक्याच्या गावी केंद्र आता असतंही, पण यंत्र बिघडलं की पुढचं केंद्र किती किलोमीटरवर, हा खरा प्रश्न. मुंबईत ट्रस्टची आणि पालिकेची केंद्रं रिक्षाच्या अंतरावर असतात. लोक भाड्यात पैसे मोजतात ते या 'दुसऱ्या' साठी: दुसरी नोकरी, दुसरा पगार, दुसरं रुग्णालय.

कोकणातल्या राजाचं राज्य कुठल्या जमिनीवर, तेही बघू. स्वतः शेतकरी नसाल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. वडिलोपार्जित असेल तर सातबारावर काका, आत्या, त्यांची मुलं अशी पंधरा-वीस नावं. एकाची सही अडली की सगळं अडलं. समुद्रकाठचा तुकडा घ्याल, तर कमी लोकवस्तीच्या गावात भरतीरेषेपासून २०० मीटरचा पट्टा 'ना विकास क्षेत्र' आहे, बाहेरून आलेल्याला तिथे नवं घर बांधता येत नाही. बांधलंच योग्य जागी, तर खारा वारा आधी पत्र्याचे स्क्रू आणि खिडक्यांचे गज खातो, मग वाळवी चौकटी खाते. वीज गेल्यावर काय होतं ते ३ जून २०२० ला 'निसर्ग' वादळ आलं तेव्हा श्रीवर्धन-दिवेआगरने आठवडेच्या आठवडे बघितलं. घरून काम करणाऱ्यांनी इन्व्हर्टर आणि दोन वेगळ्या कंपन्यांचं इंटरनेट धरूनच हिशेब मांडावा.

गर्दीचा मुद्दा मात्र खोडता येत नाही. मुंबईच्या उपनगरी रेल्वेमार्गावर वर्षाला दोन हजारांहून जास्त माणसं मेली आहेत, त्याला 'स्पिरिट' म्हणणं निर्लज्जपणा आहे. ज्यांचं पेन्शन चालू आहे, मुलं मार्गी लागली आहेत आणि गावच्या घराची वाटणी कागदावर झाली आहे, त्यांनी खुशाल जावं. फक्त मुंबईचं घर आधी विकू नये. ११ महिन्यांच्या नोंदणीकृत करारावर भाड्याने द्यावं. आणि गावी राहून बघायचं ते गणपतीत किंवा आंब्याच्या दिवसांत नको. १५ जून ते ३१ जुलै सलग राहावं, एसटी आणि दुचाकीवर.