फुकट वकील मिळतो म्हणे

आज ऑफिसात चहाच्या वेळी एक जण सहज बोलून गेला, ‘ॲट्रॉसिटीवाल्यांचं काय, सरकार फुकट वकील देतं, मग टाकतात केस.’ चार जण हसले. मी कप ठेवला आणि जागेवर येऊन बसले. तिथंच बोलायला हवं होतं, नाही बोलले. म्हणून इथं लिहितेय.

माझा मामा. २०१९ साल. ग्रामसभेत त्यानं पाण्याच्या टाकीचा हिशोब विचारला. भर सभेत त्याला जातीवरून जे ऐकवलं ते लिहिणार नाही, तुम्हाला माहितीच आहे. गुन्हा नोंदवून घ्यायलाच दोन दिवस लावले. मग वकील शोधायला मी त्याच्यासोबत तालुक्याच्या कोर्टात गेले.

पहिले वकीलसाहेब फार गोड. चहा मागवला, गाव विचारलं, समोरची पार्टी कोण ते ऐकलं आणि म्हणाले, ‘अहो, ते तर आमचे अशील.’ दुसरे म्हणाले, ‘मिटवून घ्या, गावातच राहायचंय ना?’ तिसऱ्यांनी पाच हजार घेतले, कागद ठेवून घेतले. पंधरा दिवसांनी कोर्टासमोरच्या टपरीवर आरोपीच्या चुलतभावासोबत हसत उभे! मामानं बघितलं. काही बोलला नाही. मला म्हणाला, ‘चल, एसटी चुकंल.’

राग मला आला होता, त्याला एसटीची काळजी.

आता ते फुकट वकील. हो, कायद्यात आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम १२. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील. १५१०० हा हेल्पलाइन नंबरही आहे. १९९५ च्या ॲट्रॉसिटीच्या नियमांत तर फिर्यादीनं मागितलं तर जिल्हाधिकारी नामांकित ज्येष्ठ वकील नेमू शकतात असंही आहे. पण मामाला हे सांगितलं कुणी? ठाण्यात काय सांगितलं, तर ‘सरकारी वकील असतोय की, तुम्हाला कशाला हवा?’ केस सरकार चालवतं, खरंय. पण ॲट्रॉसिटी कायद्याचं कलम १५-अ म्हणतं की आरोपीच्या जामिनाची नोटीस फिर्यादीला मिळाली पाहिजे आणि त्याचं म्हणणं ऐकलं पाहिजे. ते म्हणणं मांडायचं कुणी? सातवी शिकलेल्या मामानं, टोपी हातात धरून?

चौथ्या वकील बाई होत्या. कोर्टाच्या आवारात पत्र्याच्या शेडखाली टेबल. त्यांनी ‘मिटवायचं का’ विचारलंच नाही. आधी एफआयआरची प्रत मागितली, कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि पेन्सिलनं एका ओळीखाली रेघ मारली. ‘जातीवाचक शिवीगाळ केली.’ एवढंच लिहिलं होतं. कोणते शब्द, कुठं, कुणाकुणासमोर, काही नाही. ‘मामा, सुटायचे ते इथंच सुटतात. पुरवणी जबाब देऊ. आणि जातीचा दाखला कुठंय?’ दाखला जोडलेलाच नव्हता. म्हणजे आधीच्या तिघांपैकी एकानंही तो कागद धड वाचला नव्हता.

होत असतील खोट्या केसेस, नाही म्हणत नाही. वकिलांनाही त्याच गावात राहायचंय, पोट आहे, तेही मान्य. मग तोंडावर ‘मला जमणार नाही’ म्हणा ना! पाच हजार कशाला घेता?

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा आणि हायकोर्टाचा निकाल १९३७ चा. खुद्द बाबासाहेब बॅरिस्टर, तरी दहा वर्षं. मामाला हे सांगितलं तर म्हणाला, ‘मग आपलं काय, चालू दे.’ केस अजून चालूच आहे. तारखेला जाताना तो कागदांची पिशवी मांडीवर घेऊन बसतो, दाखला लॅमिनेट करून सगळ्यात वर.

उद्या चहाला मी आधीच जाऊन बसणार आहे. बाईंचा नंबर कुणाला हवा असेल तर इनबॉक्समध्ये या. इथं टाकत नाही, त्यांना उगाच त्रास.