नायकाची हाडं

रात्रपाळी संपवून घरी आले, पावाला मार्मालेड फासत होते, तेवढ्यात फोन थरथरायला लागला. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जुंपली होती. डोंबिवलीच्या माझ्या धाकट्या भावानं लिहिलं होतं, ‘मोठ्या माणसांसाठी, पुरुष नायक असलेली एखादी चांगली विज्ञान नाहीतर अद्भुत कादंबरी सुचवा रे कुणीतरी. बघावं त्या मुखपृष्ठावर तलवार घेतलेली मुलगी. आम्ही वाचायचं काय?’ त्यावर पुण्याची आतेबहीण उसळली. ‘शंभर वर्षं आम्ही तुमचेच नायक वाचले, कधी कुरकुर केली का? आणि मराठी विज्ञानकथेतली बाई आठव जरा. ती फक्त “म्हणजे काय हो?” विचारायला येते, म्हणजे शास्त्रज्ञबुवांना कृष्णविवर समजावून सांगता येतं.’ मग काका आले, मामेभाऊ आला, मध्येच कुणीतरी गुलाबाच्या फुलासकट सुप्रभात टाकलं, आणि पुन्हा तेच सुरू.

शेवटी भावानं मला ओढलं. ‘ताई, तू तिकडे आहेस. तिकडे काय चाललंय ते तूच सांग.’

मी सोळा वर्षं इंग्लंडच्या एसेक्स परगण्यात राहते आणि इस्पितळात एक्स-रे काढते. साहित्यातली तज्ज्ञ नव्हे. पण रात्रपाळीत दोन पेशंटांच्या मधल्या वेळेत वाचलेल्या जाडजूड कादंबऱ्या मोजायला बसले तर इकडचं कपाट थोडंफार मला कळतं, असं म्हणायला हरकत नाही.

इकडे पुस्तकांच्या दुकानात शिरलं की पहिल्या टेबलावर भावाची तक्रार मांडूनच ठेवलेली दिसते. कडा रंगवलेली गलेलठ्ठ पुस्तकं, ड्रॅगन, राजकुमारी, आणि पानोपानी प्रेम. पुरस्कारांकडे बघायचं तर २०१६ ते २०२४ या नऊ वर्षांत सर्वोत्कृष्ट कादंबरीचं ह्यूगो, म्हणजे विज्ञान आणि अद्भुत साहित्याचं वाचकांच्या मतांवर ठरणारं मोठं बक्षीस, दरवर्षी बाईलाच मिळालं. त्यांतली पहिली तीन वर्षं एकट्या एन. के. जेमिसिनला. २०१५ मध्ये तर ‘साधी धाडसाची गोष्ट आता कुणाला नको झालीय’ असं म्हणत काही मंडळींनी ठरवून मतदान करून नामांकनाच्या याद्या भरून टाकल्या होत्या. बाकीचे मतदार इतके भडकले की पाच विभागांत त्यांनी ‘कुणालाच नको’ याच पर्यायाला निवडून दिलं. म्हणजे भाऊ म्हणतो ते भांडण इथलं आहे आणि ते खरंही आहे.

पण त्याच दुकानात आणखी वीस पावलं आत जावं. मागची भिंत अजून पुरुषांचीच आहे. टॉल्किनचा फ्रोडो घर सोडून निघतो तेव्हा पन्नाशीचा असतो. अबरक्रॉम्बीचा ग्लोक्टा, छळछावणीतून परत आलेला तलवारबाज, ज्याचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे जिना. अद्भुत कादंबऱ्या लिहिणाऱ्या ब्रँडन सँडरसननं २०२२ मध्ये वाचकांकडून थेट वर्गणी मागितली तर चार कोटी डॉलरच्या वर जमले. २०२५ चं ह्यूगोही रॉबर्ट जॅक्सन बेनेटला मिळालं, आणि त्याच्या कादंबरीचा निवेदक पुरुषच आहे. फक्त डोकं चालवणारी त्याची साहेबीण बाई आहे, आणि तो तिच्यासाठी पळापळ करतो. पंगतीत एकट्यालाच वाढत होते, आता शेजारच्या पानावरही पडायला लागलं, म्हणून आपण उपाशी असं होत नाही. एवढं मी ग्रुपवर लिहिलं. बहिणीनं टाळ्या दिल्या. भाऊ गप्प. मला मात्र ते लिहून समाधान झालं नाही, कारण बहिणीचंही मला पुरतं पटलेलं नव्हतं.

आता हे मार्मालेड. बरणीवर गावाचं नाव असतं, टिपट्री. आमच्यापासून मोटारीनं अर्ध्या तासावर. १९६७ मध्ये ॲलिस शेल्डन नावाच्या अमेरिकन बाईनं, जिनं युद्धात लष्करात आणि नंतर सीआयएमध्ये काम केलं होतं, विज्ञानकथा पाठवायच्या म्हणून टोपणनाव शोधताना दुकानातल्या या बरणीवरून ‘जेम्स टिपट्री’ उचललं. नवऱ्यानं ‘ज्युनियर’ जोडलं. पुढची दहाएक वर्षं सगळे तिला पुरुषच समजले. हा लेखक बाई असू शकेल ही कल्पनाच हास्यास्पद आहे, इथपर्यंत रॉबर्ट सिल्व्हरबर्ग या विज्ञानकथाकारानं १९७५ मध्ये तिच्या संग्रहाच्या प्रस्तावनेत लिहून ठेवलं. दोन वर्षांत सगळं उघडं झालं. प्रस्तावना मात्र छापलेली राहिली, बिचारा.

त्याच सुमाराला आपल्याकडे १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. लेखक नारायण विनायक जगताप. आद्याक्षरं उलटी वाचली की जयंत विष्णू नारळीकर. आपलं अक्षर कुणी ओळखू नये म्हणून त्यांनी कथा पत्नीकडून, म्हणजे गणितज्ञ मंगला नारळीकरांकडून लिहवून घेतली होती. आमच्या बहिणीच्या ‘म्हणजे काय हो’ला मी ही गोष्ट उत्तर म्हणून सांगणार होते, मग थांबले. कृष्णविवराचं गणित ज्या बाईला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती, तिचा हात कागदावर होता. कथेत ती कुठे असती?

मी वर्षानुवर्षं पुरुष नायकांवर जीव टाकत आले, आणि नंतर ध्यानात आलं की त्यातले निम्मे बायकांनी लिहिलेत. रॉबिन हॉबचा फिट्झ, राजाचा अनौरस नातू, तबेल्यात वाढलेला. सुझाना क्लार्कचा पिरानेसी, अंत नसलेल्या दालनांच्या घरात एकटा राहून भरती-ओहोटीच्या वेळा वहीत टिपणारा. त्या पुस्तकाला २०२१ चा विमेन्स प्राइझ, बायकांच्या कादंबऱ्यांसाठीचा पुरस्कार, मिळाला. आणि माझा सगळ्यांत लाडका, लॉइस मॅकमास्टर बुजोल्डचा माइल्स व्होर्कोसिगन.

माइल्सवर माझा जीव का, ते धंद्यामुळे असेल. त्याची आई गरोदर असताना तिच्यावर विषारी वायूचा हल्ला होतो, त्यावरच्या उताऱ्यानं पोटातल्या बाळाची हाडं ठिसूळ होतात. लढवय्यांच्या ग्रहावर, सेनापतीच्या घरात, हा पावणेपाच फुटांचा पोरगा. १९८६ च्या पहिल्याच कादंबरीत तो सैनिकी प्रशिक्षणाच्या प्रवेशपरीक्षेला जातो, भिंतीवरून उडी मारतो आणि दोन्ही पाय मोडून घेतो. गोष्ट सुरू व्हायच्या आत नायक नापास. ते प्रकरण वाचताना मी मनातल्या मनात प्लेटी लावत होते, समोरून एक, बाजूनं एक.

दिवसभर माझ्यासमोर पुरुष येतात. हात सुजून भोपळा झालेला असतो आणि म्हणतात, काही नाही हो, जरासं लागलंय. मी म्हणते, श्वास धरा, हलू नका. पडद्यावर फ्रॅक्चर उमटतं आणि त्याखाली कधी एखादं जुनं, आपोआप वाकडं जुळून आलेलं, ज्याबद्दल त्यानं बायकोलाही सांगितलेलं नसतं. मला नायकाचं हेच हवं असतं. तो पुरुष आहे की बाई हे नंतर. त्याला हाडं आहेत का?

एकदा गुडघ्याच्या एक्स-रेला आलेल्या एका आजोबांच्या हातात टेरी प्रॅचेटची पेपरबॅक होती, कण्याला चिकटपट्टी लावलेली. आयुष्यभर ट्रक चालवला होता त्यांनी. कितव्यांदा वाचताय विचारलं तर मोजलं नाही म्हणाले. प्रॅचेटच्या अद्भुत कादंबऱ्यांतल्या या पोलिसांच्या मालिकेचा नायक सॅम व्हाइम्स, रात्रीच्या गस्तीवरचा पोलीस. बुटांचे तळ इतके झिजलेले की पायाखालच्या दगडांवरून अंधारात आपण कुठल्या गल्लीत आहोत ते त्याला कळतं. पगार महिना अडतीस डॉलर. चांगले बूट पन्नास डॉलरचे, दहा वर्षं टिकणारे. ते परवडत नाहीत म्हणून तो दहा डॉलरचे घेतो, ते एक-दोन मोसमांत गळतात. म्हणजे दहा वर्षांत गरीब माणूस बुटांवर शंभर डॉलर घालवतो, आणि पाय ओलेच. १९९३ च्या कादंबरीतला हा हिशेब इतका रुजलाय की २०२२ मध्ये इथे महागाईवरून बोंब उठली तेव्हा गरिबांच्या किराण्याची दरवाढ मोजायला निघालेल्या एका मोहिमेनं आपल्या निर्देशांकाला व्हाइम्सच्या बुटांचंच नाव दिलं.

पुढे व्हाइम्स बढत्या मिळवतो, चांगल्या घरी लग्न होतं, मुलगा होतो. मग कितीही दंगल पेटो, संध्याकाळी सहाला घरी जाऊन पोराला तेच एक गायीचं पुस्तक वाचून दाखवायचं, हा त्याचा नेम. एकदा चुकवलं की दुसऱ्यांदा चुकवायला कारण सापडतं, असं त्याचं म्हणणं. अद्भुत कादंबरीच्या नायकाला सहाची गाडी पकडण्याची घाई असलेली मी तोवर पाहिली नव्हती. डोंबिवलीकराला हे समजावून सांगावं लागू नये.

मग मराठीत काय कमी आहे? नायक तर ढिगानं आहेत. ‘मराठी माणूस असलं अद्भुतबिद्भुत वाचत नाही’ असं म्हणणाऱ्याच्या कपाटात ‘ययाति’ असतेच. बाप मुलाचं तारुण्य मागून घेतो ही गोष्ट इथे लिहिली असती तर थेट मागच्या भिंतीवर लागली असती. ‘मृत्युंजय’मध्ये अंगावर कवच घेऊन जन्मलेला माणूस आहे. आणि बहिणीनं हेही पाहावं की खांडेकरांनी देवयानी आणि शर्मिष्ठेला स्वतःच्या तोंडानं बोलू दिलंय, सावंतांनी कुंतीला आणि वृषालीला. पुरुषाची कादंबरी म्हणजे बाईच्या तोंडाला कुलूप, असं काही नसतं.

पण हे नायक महाभारतातून उसने आणलेले. त्यांचं पुढे काय होणार ते पहिल्या पानाआधी आपल्याला ठाऊक असतं. स्वतः घडवलेला, मोठ्यांसाठीचा, पुस्तकामागून पुस्तकात परत येणारा अद्भुताचा नायक म्हटला की मला पटकन नारायण धारपांचे समर्थ आठवतात. शाळेत असताना वाचनालयातून आणून आम्ही दोघांनी ते पांघरुणात वाचलेत. पण समर्थांचा गुडघा कधी दुखला नाही.

आणि विज्ञानकथा? नारळीकरांची ‘उजव्या सोंडेचा गणपती’ मी आजही कुणालाही सांगू शकते. मोबियसच्या पट्टीनं, म्हणजे एक पीळ देऊन टोकं जोडलेल्या पट्टीनं, डावं-उजवं कसं उलटतं ते मला त्या कथेनं शिकवलं, कुठल्याही मास्तरनं नव्हे. त्यातल्या माणसाचं नाव काय? तो घरी जाऊन कुणाशी बोलतो? मला आठवत नाही, आणि दोष माझ्या स्मरणशक्तीचा नाही. त्या कथेचा नायक ती पट्टीच आहे. ‘धूमकेतू’मधल्या दत्तांना घर आहे, बायको आहे, तर ती धूमकेतूला अशुभ मानायला ठेवलेली.

याला लेखकांचा आळस म्हणता येणार नाही. आपली विज्ञानकथा वाढली स्पर्धांत आणि दिवाळी अंकांत. ‘नवल’, ‘धनंजय’ यांनी तिला जागा दिली म्हणून ती जगली, पण ती जागा दहा-पंधरा पानांची. शिवाय लोकांना विज्ञान कळावं हे कामही तिच्याच डोक्यावर. पंधरा पानांत कल्पना मांडायची, समजावायची आणि शेवटी झटका द्यायचा, तर माणसाला म्हातारं व्हायला वेळ कुठून मिळणार? माइल्सला वाढायला बुजोल्डबाईंनी डझनभराहून जास्त पुस्तकं घेतली.

म्हणून भावाला मी लिहिलं की तू भांडण इकडून मागवलंस, पण कपाट तिकडे पोचलंच नाही. इकडे पुरुष नायकांच्या गर्दीत बायकांनी जागा मागितली. तिकडे त्या फळीवर अजून ना तो बसलाय ना ती. आणि बहिणीला वेगळं लिहिलं: ती ‘म्हणजे काय हो’वाली बाई जितकी पुठ्ठ्याची आहे, तितकाच तिला उत्तर देणारा शास्त्रज्ञही. त्याला ना पगार, ना पाठदुखी, ना सहाची गाडी. तिचं उत्तर आलं, ‘हो, पण निदान त्याला वाक्यं तरी जास्त आहेत.’ यावर माझ्याकडे काही नव्हतं.

भाऊ म्हणाला, ‘भाषण पुरे, पुस्तक सांग.’ मी व्हाइम्स सांगितला. ‘मराठीत आहे?’ माझ्या तरी पाहण्यात नाही, म्हटलं. इंग्रजी वाचायला त्याला लोकलमध्ये उभ्यानं जमत नाही, ऐकायला जमतं. म्हणून रविवारी मी पहिल्या भागातली काही पानं तोंडानंच मराठी करत व्हॉइस मेसेजवर धाडली. पावसात गटारात दारू पिऊन लोळणारा कॅप्टन, तिथपर्यंत आले आणि थांबले.

रात्री उत्तर आलं. ‘ताई, हा गटारातला बेवडा मरणार लगेच. नायक कधी येतो?’

‘तोच,’ मी लिहिलं.

बराच वेळ दोन निळ्या खुणा. मग, ‘पुढचं उद्या सातच्या आत पाठव. गाडीत ऐकेन.’