सुई गाठीतच आहे का, हे त्याच क्षणी कळण्याचे मोल: एका प्रतिक्रियेला उत्तर

निपाणीहून आपण पाठवलेली प्रतिक्रिया मी काळजीपूर्वक वाचली. श्वासनलिकेतून सूक्ष्मदर्शक उतरवून फुफ्फुसाचा कॅन्सर जागेवरच ओळखण्याच्या तंत्रावर मी जे लिहिले, त्यावर आपले दोन आक्षेप आहेत. शेवटी तुकडा काढून तपासावाच लागणार असेल, तर हे महागडे उपकरण कशाला, हा पहिला. दुसरा असा की, जिथे एक्स-रेवरचा डाग पाहून कॅन्सरच्या रुग्णालाही महिनोन्‌महिने टीबीची औषधे दिली जातात, त्या आपल्या भागात असे विषय मांडून काय साधणार? या दुसऱ्या प्रश्नामागची चीड मला पूर्णपणे मान्य आहे. पण हे दोन्ही प्रश्न एकाच ठिकाणी येऊन मिळतात, असे माझे मत आहे.

तुकडा काढला म्हणजे निदान झाले, असे आपण गृहीत धरले आहे. गाठ फुफ्फुसाच्या कडेला असेल तर दुर्बिणीचे टोक तिथवर पोहोचत नाही; बारीक फाट्यांतून सुई पुढे सरकवावी लागते, आणि श्वासागणिक फुफ्फुस हलत असते. सुई गाठीच्या काठावरच्या सुजलेल्या भागात किंवा आतल्या मृत पेशींत शिरली, तर काही दिवसांनी ‘कॅन्सरच्या पेशी आढळल्या नाहीत’ असा अहवाल येतो. तो अहवाल फक्त त्या तुकड्यापुरता असतो. पण खानापूर किंवा अथणीहून गाडीभाडे खर्चून आलेले कुटुंब त्यातून कॅन्सर नसल्याचा दिलासा घेते, आणि टीबीचा संशय आधीच असेल तर सहा महिन्यांची औषधे सुरू होतात. आपण ज्या विलंबाबद्दल लिहिता, त्याची एक वाट इथून जाते.

नव्या तंत्राचे काम नेमके इथे आहे. शिरेतून फ्लुओरेसीन हे चमकणारे द्रव्य देतात, सुईच्या पोकळीतून एक मिलिमीटरहून बारीक तंतू गाठीत नेतात, आणि निळ्या लेझरच्या प्रकाशात पेशींचे हलते चित्र पडद्यावर दिसते. ॲमस्टरडॅमच्या डॉक्टरांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कॅन्सरच्या तीन खुणा सांगितल्या आहेत: मोठ्या व वेड्यावाकड्या आकाराच्या पेशी, काळे पुंजके आणि एका दिशेने वाहत जाणारी रचना. त्या दिसल्या नाहीत, तर रुग्ण टेबलावर असतानाच सुईची जागा बदलता येते.

मात्र या तंतूला मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकेही खोल दिसत नाही आणि दृश्याचा आवाकाही अत्यंत लहान आहे. त्यामुळे चित्रात काही दिसले नाही एवढ्यावरून कॅन्सर नाकारता येत नाही. शिवाय कॅन्सरचा प्रकार, तसेच ईजीएफआर किंवा एएलके या जनुकांतले बदल पाहून औषध ठरवायचे तर पेशी हाती असाव्याच लागतात. म्हणून तुकड्याची गरज राहणार, हे आपले म्हणणे बरोबर आहे. तो योग्य जागेचा असावा, एवढ्यासाठीच हे उपकरण आहे.

आता आपल्या भागापुरते. टीबीचा संशय आला की बेडक्याची सीबीनॅट तपासणी (टीबीच्या जंतूचा जनुकीय अंश यंत्राने शोधणारी) आग्रहाने करून घ्यावी; तिचा निकाल सुमारे दोन तासांत तयार होतो. ती निगेटिव्ह आली, औषधांनी डाग कमी होत नसेल, वजन घटत असेल किंवा थुंकीतून रक्त पडत असेल, तर औषधांचे सहा महिने पूर्ण होण्याची वाट न पाहता सीटी स्कॅनबद्दल विचारावे. रुग्ण विडी ओढत नाही, या कारणाने कॅन्सरची शंका बाजूला ठेवू नये. विशेषतः चुलीच्या धुरात आयुष्य गेलेल्या बायकांच्या बाबतीत हे मला ठासून सांगायचे आहे.

आणि तुकडा काढण्यासाठी बेळगाव, मिरज किंवा कोल्हापूर गाठायचे ठरले, तर सुईने काढलेल्या पेशी काचपट्टीवर घेऊन पॅथॉलॉजिस्ट त्याच खोलीत लगेच पाहतात का, हे आधी विचारून ठेवावे. त्याला लेझर लागत नाही, साधा सूक्ष्मदर्शक आणि जाणकार माणूस पुरतो, आणि नमुना पुरेसा आहे की नाही हे रुग्ण परत निघण्यापूर्वी कळते.