‘सोका म्हणजे आपलं धिरडंच’ या प्रतिक्रियेला उत्तर

दक्षिण फ्रान्समधल्या नीस शहरातल्या सोक्यावर, म्हणजे हरभऱ्याच्या पिठाच्या भट्टीत भाजलेल्या पातळ पोळीवर, मी लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ‘नीसला जाऊन सोका खाणं म्हणजे विमानाचं तिकीट काढून बेसनाचं धिरडं खाणं, एवढं कौतुक कशाला? तिथल्या कूर सालेया चौकाचा भाजीबाजार सोमवारी नसतो, तेही सांगितलं नाहीत. आणि शाकाहाऱ्यांनी तिथे खायचं काय?’

सोमवारचं मान्य. त्या दिवशी तिथे जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. ते राहून गेलं, चूक माझी. पण ‘कौतुक कशाला’ हा सूर कशासाठी? न पटलेलं साध्या शब्दांत सांगता येतं. नीसमध्ये चार वर्षं काढलेल्या माणसाला धिरडं आणि सोका यांतला फरक कळत नसेल, असं तुम्ही धरूनच चाललात.

दोन्ही हरभऱ्याच्या पिठाचे, साम्य तिथेच संपतं. धिरड्याला आच खालून लागते आणि ते उलटावं लागतं. सोका उलटत नाहीत. कल्हई केलेल्या तांब्याच्या भल्यामोठ्या परातीत ऑलिव्ह तेल घालून त्यावर पातळ पीठ ओततात आणि परात लाकडाच्या धगधगत्या भट्टीत सरकवतात. वरच्या आचेने पापुद्रा करपल्यासारखा डागाळतो, आत मात्र मऊ लगदा राहतो. काळे डाग म्हणजे बिघाड नव्हे, तीच खूण. मग खरवडून वेडेवाकडे तुकडे, वर भरपूर मिरपूड, आणि लगेच तोंडात. गार झाला की चिवट होतो.

खात्री करायची तर घरी करा. 250 ग्रॅम पिठाला अर्धा लिटर पाणी, तीन मोठे चमचे तेल, चमचाभर मीठ. गुठळ्या मोडून दोन तास झाकून ठेवा, नाहीतर कच्चट लागतं. ओव्हन 250 अंशांवर, ट्रे आतच कडकडीत तापवा. गार ट्रेवर ओतलंत तर चिकटलंच. थर दोन-तीन मिलिमीटर. जाड झाला की मधे पिठलं. वरच्या कप्प्यात ठेवा आणि शेवटी ग्रिल लावून डाग पाडा. आणि तव्यावर करून ‘सारखंच लागलं’ म्हणून कृपया पुन्हा लिहू नका.

शाकाहाराचं एवढंच: सोका आणि पानिस (हरभऱ्याच्या पिठाचे तळलेले तुकडे) बिनधास्त खा, पण पानिस कुठल्या तेलात तळलंय ते विचारा. पिसालादिएर या कांदा घातलेल्या भाजलेल्या पावावर अँचोवी मासे असतात, पाँ बान्या या भरलेल्या पावातही मासे आणि अंडं.