तूरिननं नाव बदललं अन् शाप तुटला? काहीही काय बाप्पा!

परवा मावसभावानं एक फॉरवर्ड टाकला अन् खाली लिहिलं, "दादा, हे पाय." पोट्टा तीन वर्षांपासून भरतीच्या परीक्षा देऊन राह्यला, दोनदा दोन-चार मार्कांनी गेला, अन् आता आठवडी बाजाराच्या दिवशी येणाऱ्या एका नावतज्ज्ञाच्या नादी लागला. नावाच्या स्पेलिंगमधे एक जास्तीचा 'ए' घालाचे एक्कावनशे रुपये! मावशीनं तूर विकून ठेवलेले पैसे आहेत ते, म्हणून लिहून राह्यलो, नाहीतर असलं मी उघडत पण नाही.

फॉरवर्ड म्हणते, टॉल्किन नावाच्या इंग्रज लेखकाच्या कथेत तूरिन नावाचा शापित वीर आहे (मावशीनं विचारलं, "तुरीचंच आहे का काही?"), त्यानं नावं बदलत बदलत शेवटी 'तुरांबार' म्हणजे 'नशिबाचा धनी' हे नाव घेतलं अन् शाप तुटला. वरून हा तूरिन म्हणजे आपला कर्णच चोरलेला, अन् ही सत्य घटना आहे. खाली नावतज्ज्ञाचा नंबर.

अरे, शाप तुटला म्हणणाऱ्यानं शेवटची पानं तरी वाचली का? शाप त्याच्या बापावर, हूरिनवर होता, सगळ्या घराण्यासकट, मग पोरानं नाव बदलून काय होते. आधी नेइथान झाला, मग गोर्थोल, मग आगारवाएन, नार्गोथ्रोंड नावाच्या राज्यात लोक त्याला मोरमेगिल म्हणजे काळी तलवार म्हणू लागले. हो, एवढं मान्य करतो की तिथं त्याचा मान वाढला, राजा त्याचं ऐकू लागला. पण त्याच्याच सल्ल्यानं नदीवर मोठा पूल बांधला, पाडा म्हणून निरोप आला तरी यानं पाडू दिला नाही, अन् त्याच पुलावरून ग्लाउरुंग ड्रॅगन आत आला. अन् हाक कशी मारली? 'हूरिनच्या पोरा' म्हणून! झालं नाव लपवून?

तुरांबार झाल्यावरचं तर सांगावंसं पण वाटत नाही. रानात एक पोरगी सापडली, ड्रॅगनच्या मोहिनीनं ती स्वतःचं नाव पण विसरली होती. यानं तिचं नाव ठेवलं नीनिएल अन् लग्न केलं. ती त्याची सख्खी बहीण होती, नियेनोर. यानं आपलं नाव टाकून दिलेलं, तिचं पुसल्या गेलेलं, कोण कोणाले ओळखणार? ड्रॅगनले मारलं यानं, ते खरं आहे. पण ड्रॅगन मरताच तिले सगळं आठवलं, तिनं पोटातल्या लेकरासकट नदीत उडी घेतली, अन् हा नशिबाचा धनी स्वतःच्याच तलवारीवर पडला. हे नाव 'लकी' म्हणून विकून राह्यले!

कर्णाचं म्हणाल तर सारखेपणा आहे थोडा, दोघंही नावांच्या गर्दीतले. पण वसुषेण, राधेय, वैकर्तन ही नावं कर्णाले दुसऱ्यांनी दिली, तो काही लपाले नावं घेत नव्हता. अन् टॉल्किननं स्वतःच 1951 च्या पत्रात लिहून ठेवलं की तूरिनमधे जुन्या दंतकथांतले वीर, म्हणजे उत्तर युरोपातला सिगुर्ड, ग्रीकांचा इडिपस अन् फिनलंडचा कुल्लेर्वो, यांचे अंश आहेत असं म्हणता येईल. कर्ण नाही त्यात. सत्य घटना? ड्रॅगन आहे बे त्यात!

खरं उत्तर त्याच कथेत आहे. ग्विंडोर नावाच्या मित्रानं खरं नाव फोडलं म्हणून तूरिन चिडते, तेव्हा ग्विंडोर सांगते की तुझं प्रारब्ध तुझ्यात आहे, नावात नाही.

भावाले म्हटलं, दहावीच्या सनदेवर एक नाव, जातीच्या दाखल्यावर एक, आधारवर तिसरं, मग कागदपत्रं तपासणारा टेबलावर काय म्हणेल? तो म्हणे, "दादा, पाचशे तर देऊन टाकले." बरं, पाचशे गेले. उरलेल्यातून पुस्तक घे. तूरिनच्या थडग्यावरच्या दगडावर सगळ्यात आधी कोणतं नाव कोरलं ते पाय. तूरिन.