चरे पुसले जातात, म्हणूनच तर!

हिमालयातल्या नंगा पर्वताचे खडक कधी वर आले, हे स्फटिकांतल्या चऱ्यांवरून सांगणाऱ्या माझ्या लेखावर तुम्ही चांगलंच तोंडसुख घेतलंत: 'एकाच खडकाचं वय एकीकडे १८५ कोटी वर्षं, दुसरीकडे १० लाखांहून कमी! उष्णतेनं पुसली जाणारी खूण म्हणजे घड्याळ? आणि शेवटी आकडा प्रमाण नमुन्याशी (आधीच वय ठाऊक असलेल्या खनिजाशी) जुळवूनच घेता.'

पहिली चूक माझी. 'खडकाचं वय' हे मी ढिलाईनं लिहिलं. १८५ कोटी हे तिथल्या नाइसमधल्या (दाब-उष्णतेनं रूप पालटलेल्या पट्टेदार खडकातल्या) झिरकॉन या खनिजाचं युरेनियम-शिसे पद्धतीनं काढलेलं जन्मवय. फिशन ट्रॅकवरून, म्हणजे या चऱ्यांवरून, कळतं ते खडक निवला कधी.

पुसण्याचा मुद्दा मात्र उलटा आहे. युरेनियम-२३८चा एखादा अणू आपणहून दुभंगतो, त्याचे दोन तुकडे स्फटिकात विरुद्ध दिशांना घुसतात आणि जेमतेम १६ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) चरा उमटतो. अॅपटाइट या खनिजात तो साधारण १२० अंशांवर टिकत नाही, ६०च्या खाली टिकतो. म्हणजे चरे साठायला लागले, की खडक तेवढा वर आला. किलोमीटरला ३० अंश धरले तर तीन-चार किलोमीटरवर. (नंगा पर्वताखाली तापमान याहून झपाट्यानं वाढतं, त्यामुळे तिथे आणखी वर.) खडक ६० ते १२० अंशांच्या मधल्या पट्ट्यात रेंगाळला तर चरे आखूड होतात, म्हणून नुसती मोजदाद पुरत नाही. नायट्रिक आम्लात २० सेकंद बुडवलेल्या अॅपटाइटच्या कणांमध्ये एकेका चऱ्याची लांबी घ्यावी लागते. डोळे फुटायची वेळ येते.

प्रमाण नमुन्याचं म्हणाल, तर वाण्याचा काटा छापाच्या वजनाशी ताडून पाहण्यात लबाडी नाही. मेक्सिकोतल्या दुरांगोच्या अॅपटाइटचं वय, ३.१४ कोटी वर्षं, आरगॉन पद्धतीनं, म्हणजे चऱ्यांशी संबंध नसलेल्या वेगळ्याच मार्गानं, ठरलंय. ते चऱ्यांवरूनच काढलं असतं, तर तुमचा आक्षेप बिनतोड होता.

खरा अवघड प्रश्न तुम्ही विचारलाच नाहीत: निवणं म्हणजे उचललं जाणंच का? नाही. नदीनं वरचा थर खरवडून नेला तरी खालचा खडक निवतोच. म्हणून भ्रंशाच्या (जिच्या दोन बाजूंचे खडक एकमेकांवरून सरकतात अशा भेगेच्या) दोन्ही अंगांचे नमुने घेतात. नंगा पर्वताच्या पश्चिमेला रायकोट भ्रंश ओलांडला, की वयं एकदम वाढतात. नुसत्या झिजेनं अशी पायरी पडत नाही; तिथे जमीन हललीय.

आणि हो, 'सह्याद्रीवर का लिहीत नाही?' आपल्या काळ्या कातळात या कामाचे अॅपटाइटसारखे कण फारसे मिळत नाहीत. त्यासाठी खाली गोवा-कारवारकडच्या नाइस-ग्रॅनाइटपर्यंत उतरावं लागतं. पुढचा लेख तिथलाच.